समाजवादी ड्रॉइंग

भिंतीत साधी खुंटी ठोकतानाही समाजाचा विचार करणारा माणूस अख्ख्या सिंगापुरात एकच होता, आणि तो आमच्या सेंगकांगच्या ब्लॉकमध्ये बरोबर आमच्या डोक्यावर राहायचा. वरच्या फ्लॅटमधले हे काका मूळचे नागपूरचे. उमेदीची वर्षं सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेलेली. तिथे रशियन इंजिनिअरांकडून शिकलेलं तत्त्व ते इथेही सोबत घेऊन आले होते : डिझाइन कसलंही असो, त्यात राजकारण, अर्थकारण आणि तंत्र यांचा तोल साधला पाहिजे. चपलांचं कपाट करायचं ठरलं तेव्हा महिनाभर चर्चा चालली. वरचा कप्पा कुणाला, हे राजकारण. फळ्या किती, हे अर्थकारण. फळी भार किती सोसेल, हे तंत्र. "अहो, चपला ठेवायच्यात, पंचवार्षिक योजना नाही आखायची," काकू म्हणायच्या. लेक इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "बाबा, जस्ट बाय वन लाह!" तोवर सगळ्यांच्या चपला दाराबाहेर संपूर्ण समानतेने एकमेकींवर पडलेल्या असत.

आमच्याकडे एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, नुकतीच आली होती, त्या सुमाराला काकांच्या कंपनीला एका रंगाच्या कारखान्याचं काम मिळालं. काकांनी पाइपांचा मार्ग बदलून लांबी बरीच कमी केली आणि त्या बचतीत कामगारांसाठी आरामखोली काढली, तीही वाऱ्याच्या बाजूला. मॅनेजरची केबिन मात्र गेली कॉम्प्रेसरच्या शेजारी. काकांचे साहेब पुण्याचे. ते म्हणाले, "अहो, जागांची अदलाबदल करा. मॅनेजर नाराज होतील."

"मॅनेजरला एसी आहे, साहेब. त्यांना वारा कशाला?"

काकांचा इथे नोकरी करण्याचा पास संपत आला होता, लेकीचं ओ लेव्हलचं, म्हणजे इथल्या दहावीचं, वर्ष होतं. त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि दोन कप चहा प्यायले. मग म्हणाले, "तंत्र जमलं, अर्थकारण जमलं. राजकारण तेवढं अंगावर आलं बघ." साहेबांनी बदलून घेतलेल्या ड्रॉइंगवर त्यांनी सही केली नाही. कंपनीने पासचं नूतनीकरण केलं नाही. बिऱ्हाड नागपूरला गेलं. पुढे अदलाबदलीने पाइप पुन्हा लांबणार हे कळल्यावर कारखान्याच्या मालकांनी काकांचंच ड्रॉइंग मंजूर केलं. साहेबांनी त्यावर स्वतःची सही ठोकली आणि त्यांना बढती मिळाली.

दोनेक वर्षांनी कामानिमित्त मी त्या कारखान्यात गेलो. जेवणाची सुट्टी होती. आरामखोलीत तमिळ आणि बांगलादेशी कामगार हेल्मेट उशाला घेऊन आडवे झाले होते. मी बाहेर येऊन काकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. वाटलं, आता समाजवादावर व्याख्यान ऐकावं लागणार.

काकांनी एवढंच विचारलं, "घोरत होते का रे?"

"हो काका, चांगले घोरत होते."

 काका हळूच म्हणाले, "दार लोटून घे. जागे होतील."