बुद्धाच्या तिकिटांच्या सिस्टर

सिस्टर कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करत. साडीच्या दुकानात पदराआधी उलटी बाजू बघत, बिस्किटाचा पुडा उलटा करत, लग्नाची पत्रिकासुद्धा मागून सुरू करत. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा त्यांनी पुढ्यातलं रिकामं ताट उलटं करून पाहिलं आणि माझ्या सासूबाई त्यानंतर कितीतरी दिवस धुसफुसत होत्या. सिस्टरांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. "पुढची बाजू तर ते दाखवतातच," त्या म्हणायच्या. "मागची आपण बघायची."

त्या हुबळीच्या सरकारी दवाखान्यात वॉर्ड सिस्टर होत्या. मूळच्या बेळगावच्या. लग्न केलेलं नव्हतं. उणकलला तळ्याच्या बाजूनं नवी घरं उठली तेव्हा त्या आणि आम्ही एकाच सुमारास राहायला आलो आणि भिंतीला भिंत लागून शेजारी झालो. गल्लीत कुणाला ताप आला, कुणी जिन्यावरून पडलं, की हाक त्यांनाच. इंजेक्शन देताना पोरांशी लाडीगोडी करत नसत. "दुखणार आहे. थोडंच दुखेल," असं सरळ सांगत. गंमत म्हणजे पोरं त्यांच्याकडेच कमी रडत.

गावातल्या बुद्धविहारात आलेल्या एका भंतेंनी श्रीलंकेहून आलेलं एक पाकीट त्यांना दिलं होतं. त्यावरच्या तिकिटावर बुद्धाची मूर्ती होती. तिथून त्यांचा छंद सुरू झाला. जपान, थायलंड, ब्रह्मदेश, जिथून मिळेल तिथून बुद्धाची तिकिटं. एनॅमलच्या ट्रेमध्ये पाणी घेऊन त्या पाकिटाचा कागद भिजवत, तिकीट चिमट्यानं अलगद सोडवत आणि गॉजच्या घड्यांमध्ये वाळवत. जखमेची पट्टी काढावी तसं सगळं काम. मी शाळेत शिकवून घरी येताना खिडकीतून त्यांची खाली वाकलेली मान दिसायची.

आमच्या घरी कॉम्प्युटर आला, पुढे इंटरनेट आलं. रविवारी सकाळी सिस्टर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायला लागल्या. घरबसल्या जगभरची तिकिटं दिसतात याचं त्यांना अप्रूप होतं, पण पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सुमन, याची पाठ कुठाय?" मी सांगितलं, फोटो एकच आहे. "मग मागव." तेव्हापासून प्रत्येक विकणाऱ्याला माझ्या हातून पत्र जायचं: मागच्या बाजूचा फोटो पाठवा, उजेडात काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, पसंत नाही पडलं तर परत घ्याल का ते कळवा. निम्मे लोक उत्तरच देत नसत. "बरं झालं," सिस्टर म्हणायच्या, "आपोआप गळाले." 'अतिशय दुर्मिळ' असं लिहिलेलं तिकीट त्या मला चार ठिकाणी शोधायला लावत. बहुतेक वेळा ते चारही ठिकाणी असायचं.

इतकं करूनही त्या फसल्या.

बेंगळूरूचा एक विक्रेता होता. फार अदबीनं लिहायचा. मागितले की लगेच फोटो पाठवायचा, पुढचा आणि मागचाही. फोनवर 'अक्का' म्हणायचा. त्याच्याकडून सिस्टरांनी तीन लांबच्या, आम्ही नावंही न ऐकलेल्या देशांची बुद्धाची तिकिटं घेतली. सुटी तिकिटं नव्हेत, पानभर छापलेल्या मोठ्या, चकचकीत, सोनेरी काठाच्या शीट होत्या. त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला विहारात त्यांच्या तिकिटांचं प्रदर्शन ठरलं होतं आणि मधल्या मोठ्या फलकावर याच शीट लावायच्या होत्या.

प्रदर्शनाला थोडे दिवस असताना त्यांनी मला भिंतीपलीकडून हाक मारली. पलंगावर तिन्ही शीट पालथ्या ठेवल्या होत्या.

"यातली कुठली कुठल्या देशाची, सांग."

मला सांगता येईना. तोच कागद, तोच गोंद, कडेची भोकंही तशीच.

"तीन देश," सिस्टर म्हणाल्या, "आणि छापखाना एकच? एकेकटी बघितली तेव्हा कळलं नाही गं. शेजारी शेजारी ठेवली आणि कळलं."

धारवाडला सप्तापुरात एक निवृत्त प्राध्यापक राहत. त्यांच्याकडे तिकिटांचे जाडजूड कॅटलॉग होते. आम्ही बसनं गेलो. त्यांनी चष्मा पुसला, पानं उलटली, पुन्हा उलटली आणि म्हणाले, "नाही हो सिस्टर. या देशांनी ही काढलेलीच नाहीत. कुणीतरी देशाचं नाव घालून छापतं आणि विकतं. पोस्टात चालणार नाहीत. चित्रं आहेत नुसती." सिस्टरांनी मान हलवली, प्राध्यापकांच्या पत्नीनं दिलेला चहा पूर्ण प्यायल्या आणि शीट पिशवीत घालून उठल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्याच फोनवरून त्यांनी विक्रेत्याला गाठलं. बोलणं कानडीत झालं. तो जराही चिडला नाही.

"अक्का, फोटोत होतं तेच पाठवलं ना?"

"तेच पाठवलंत."

"मी कुठं लिहिलं होतं की ही पोस्टाची आहेत? बुद्धाच्या सुंदर शीट, एवढंच लिहिलं होतं. वाचून बघा."

मी ती जाहिरात पुन्हा उघडली. खरंच तेवढंच होतं. सिस्टरांनी फोन ठेवला आणि पडद्यावरच्या त्या ओळीखालून बोट फिरवलं. "पाठ मागितली," त्या म्हणाल्या, "पण लिहिलेलं नीट वाचलं नाही. अक्का म्हणाला ना, तिथंच मी ढिली पडले."

विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष, सगळे त्यांना अण्णा म्हणत, फलकाची पाहणी करायला आले. मधली जागा रिकामी बघून म्हणाले, "एन्री सिस्टर, काय हो, सोनेरी तिकिटं कुठं गेली? लोकांना तीच आवडणार."

"ती खोटी निघाली, अण्णा."

"बुद्धाचं चित्र आहे, आणि खोटं कसं?"

"चित्र खरं आहे. तिकीट खोटं आहे."

"कोण बघायला जातंय? लावा तुम्ही."

"पोरं विचारतील, हा देश कुठं आहे, तिथं बुद्धाला मानतात का. मी काय सांगू?"

अण्णा काहीसे नाराज झाले. सिस्टरांनी रात्रपाळी करून आल्यावर, न झोपता, एक वेगळी चौकट तयार केली. तिन्ही शीट त्यात लावल्या आणि वर मराठीत आणि कानडीत लिहिलं: 'ही तिकिटं खोटी आहेत. मी फसले. कशी फसले ते विचारा.' प्रदर्शनात सगळ्यांत जास्त गर्दी त्याच चौकटीपाशी झाली. सिस्टर दिवसभर उभ्या राहून एकेकाला सांगत होत्या. दवाखान्यातली एक ज्युनियर नर्स मला हळूच म्हणाली, "आमच्यावर ओरडतात त्या सिस्टर ह्याच का?" आणि संध्याकाळी अण्णाही चौकटीपाशी येऊन लोकांना समजावून सांगायला लागले, जणू ही कल्पना त्यांचीच.

नंतर एकानं त्या शीट विकत मागितल्या. सिस्टरांनी दिल्या नाहीत. फाडायलाही त्यांचं मन होईना. "पुढून बुद्ध आहे, तिथं पेन लावणार नाही," म्हणाल्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर पक्क्या शाईनं 'नकली' असं लिहून त्या विहारात देऊन टाकल्या.

निवृत्तीनंतर त्यांची नजर मंदावत गेली. तिकीट भिंगाखालीही धूसर दिसायला लागलं तेव्हा त्यांनी ठरवलं, बेळगावला बहिणीकडे जायचं आणि संग्रह ज्यांना दिसतो त्यांना द्यायचा. आता विकणाऱ्या आम्ही होतो. मी फोटो काढायची, मजकूर त्या सांगायच्या. "कोपऱ्यात घडी आहे, लिही. मागं पिवळा डाग आहे, लिही. हे खरं असेल असं वाटतं, पण खात्री नाही. तसंच लिही." मी म्हटलं, अशानं कोण घेणार? त्या म्हणाल्या, ज्याला घ्यायचं तो घेईल.

भुसावळच्या, रेल्वेत नोकरीला असलेल्या एका गृहस्थांनी जपानचं एक तिकीट घेतलं आणि फोन केला. "घडी लिहिलीय तुम्ही. मला तर सापडेना."

सिस्टरांनी फोन हातात घेतला. "उजेडासमोर धरा. डाव्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात."

जरा वेळानं ते म्हणाले, "दिसली. पण न लिहिता खपलं असतं की हो."

"खपलं असतं," सिस्टर म्हणाल्या. "म्हणूनच लिहिलं."

पुढे बाकीची बरीच तिकिटं त्यांनीच घेतली. सिस्टर बेळगावला गेल्या. आधी दर आठवड्याला फोन यायचा, मग सणासुदीला, आणि एके दिवशी त्यांच्या बहिणीचा आला, सिस्टर वारल्या म्हणून. मी जाऊन आले. त्यांच्या खोलीत एकही तिकीट शिल्लक नव्हतं.

काही महिन्यांनी भुसावळच्या त्या गृहस्थांचा फोन आला. सिस्टरांकडे आणखी काही आहे का, विचारत होते. मी सांगितलं. पलीकडे रेल्वेची शिटी ऐकू येत होती.

"कधी भेटलो नाही आम्ही," ते म्हणाले. "आता तिकिटं कुणाकडून घ्यायची, बाई?"