जटामांसीचं पाणी

“अहो, आधी शांत व्हा बघू!” असं म्हणताना त्यांचा उजवा पाय इतका हलायचा, की टीपॉयवरचे कप वाजायचे. तुमच्याही सोसायटीत असं एखादं माणूस असेल. आमच्या कोथरूडच्या इमारतीत ते माझ्या समोरच्या घरात राहायचे. मी त्यांना काका म्हणायचो.

काकांकडे सगळ्या काळज्यांवर एकच औषध होतं, जटामांसी. काळपट, केसाळ मूळ आणि मातकट, उग्र वास. रात्रभर भिजवून सकाळी गाळलेलं ते पाणी बाटलीत भरून काका तयारच असायचे. कुणाचा मुलगा बारावीला असो, कुणाची नोकरी डळमळीत असो, बाटली दारात हजर. “दोन घोट घ्या, जीव खाली बसतो.”

एकदा सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून जुंपणार हे ओळखून त्यांनी ते पाणी चहातच घातलं. पहिल्याच घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. पार्किंगचं घोडं अडलं ते अडलंच, पण हा चहा पुन्हा द्यायचा नाही, हे मात्र एकमताने मंजूर झालं.

काका स्वतः मात्र ते पाणी कधी प्यायचे नाहीत. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, “मी शांत झालो तर हिच्याकडे कोण बघणार?”

ही म्हणजे काकू. येरवड्याच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. आता त्यांना फारसं काही आठवत नसे. शाळेला उशीर झाला म्हणत पर्स खांद्याला अडकवून त्या केव्हाही निघायच्या. एकदा तर पार कर्वेनगरात सापडल्या. तेव्हापासून काकांनी दाराच्या आतल्या कडीला मुलीचं लहानपणीचं पैंजण बांधलं होतं. ते वाजलं, की काका जेवत्या ताटावरून उठायचे.

जटामांसी मुळात आणली होती ती काकूंसाठीच, डॉक्टरांना विचारून. कधी लागू पडायची, कधी अजिबात नाही. पण तीच मुळं घालून उकळलेलं तेल काका त्यांच्या केसांना लावायला बसले, की त्या थांबायच्या. “आई, वेणी घट्ट नको हं,” असं काकांनाच सांगायच्या. “नाही गं, सैलच घालते,” काका म्हणायचे. तेवढा वेळ त्यांचा पाय हलत नसे. मला ते बघवायचं नाही आणि दारातून निघवायचंही नाही.

काकू गेल्या त्या दुपारच्या झोपेत, अगदी शांतपणे.

तेरावा झाल्यावर मीच ते पाणी करून नेलं. काका पाय हलवत बसले होते. म्हटलं, “काका, आता तरी घ्या.”

त्यांनी पेला ओठांशी नेला. तेवढ्यात वाऱ्याने दार हललं आणि पैंजण वाजलं. पेला तसाच टाकून काका धावले, जिन्यात डोकावले आणि परत आले.

“वारा होता,” म्हणाले.

मी पैंजण सोडायला उठलो, तर त्यांनी माझा हात धरला. “राहू द्या हो. तेवढंच काम उरलंय मला.”

पुढच्या महिन्यात मुलगी त्यांना अमरावतीला घेऊन गेली. निघताना काकांनी स्वतःच ते पैंजण सोडलं आणि पँटच्या खिशात टाकलं. रिक्षात बसल्यावर पाय सवयीने हलायला लागला. रिक्षा सुरू होईपर्यंत मला पैंजण ऐकू येत होतं.