सागावरचं इंटरनेट

झाडावर चढण्यात सुरगाण्याच्या पुंजा गावितचा हात धरणारं कुणी नव्हतं. २००६च्या एप्रिलात नाशिकहून इंजिनिअर साहेब आले. शाळेला बिनतारी इंटरनेट द्यायचं म्हणून त्याच्या यंत्राला वीज पुरवणारं सोलर पॅनल लावायला त्यांनी नेमका एक उघडाबोडका साग निवडला.

“सायेब, पावसात याला सुपाएवढी पानं फुटत्यात. मग ऊन कुठलं?” पुंजा म्हणाला.

“तू फक्त चढ.”

पुंजा पॅनल घेऊन चढला.

जुलैत इंटरनेट बंद पडलं. उघडीप बघून साहेब आले आणि त्याच सागाच्या गर्द सावलीत लॅपटॉप उघडून दोन तास बिघाड शोधत बसले. मान काही वर झाली नाही. शेवटी पुंजाच वर गेला. पॅनलवरचं एक पान तोडून त्यानं लॅपटॉपवर ठेवलं.

“हा घ्या तुमचा बिघाड. वर झाडभर लागलाय.”