आमच्या कारखान्यातलं बदकचोचीचं पावणं

रंगाच्या डब्याच्या कडेला कसे थरावर थर सुकत जातात, तसे आमच्या गणपतीच्या कारखान्यात किस्से साचतात. एक खरवडायला जावं तर खालचा जुना वर येतो, आणि हातातलं काम राहतं बाजूला! मी इथं अठरा वर्षं रंगकाम करते. पण गेल्या वर्षी आम्ही सगळे हसलो तेवढं कधीच हसलो नव्हतो.

हसत होतो खरं, पण जीव टांगणीला होता. अनंत चतुर्दशी झाली की आमचं काम थांबतं ते थेट संक्रांतीपर्यंत. त्या दिवसांत कारखान्यातली माझी जोडीदारीण सुमन कबनूर गावी यंत्रमागावर जायची. सुताच्या तुसानं तिला दम लागायला लागला. डॉक्टरांनी साफ सांगितलं, "माग बंद." पण माग बंद तर चूल कशी पेटायची? जेवायच्या सुट्टीत ती नुसती डबा उघडून बसायची आणि तसाच मिटायची.

अशात एका शाळेच्या विज्ञानाच्या मॅडम कारखान्यात आल्या.

*

शाळेच्या मैदानात त्यांना डायनासोर उभा करायचा होता. तो पसंत पडला तर आणखी चार. म्हणजे संक्रांतीपर्यंत सगळ्यांना काम!

आमच्या मालकांनी, आबांनी, चष्मा पुसून मोबाइलवरचं चित्र बघितलं. अंग म्हशीचं, शेपूट घोरपडीची, तोंड बदकाचं.

"मॅडम, ह्यो एकच प्राणी हाय नव्हं?"

"एकच आहे आबा. बदकाच्या चोचीचा डायनासोर म्हणतात याला. जमेल का?"

"आवो, चाळीस वर्सं माणसाला हत्तीचं तोंड बसवतोय. बदकाचं काय घिऊन बसलाय!"

*

आधी मातीचा छोटा नमुना करायचा, ही आमची पद्धत. आबांनी एका दिवसात केला. मॅडमनी तो चारी बाजूंनी बघितला आणि हळूच विचारलं, "आबा, हा उजवा हात असा वर का केलाय?"

आम्ही बघितलं. डायनासोर आशीर्वाद देत होता!

आबा जरा ओशाळले. पण हार मानतील तर आबा कसले! म्हणाले, "शाळेत पोरांच्या परीक्षा असत्यात. असू दे की."

मॅडम हसल्या, पण मग गंभीर झाल्या. संस्थेचे अध्यक्ष फार कडक होते. त्यांनी बजावलं होतं, "मला विज्ञान पाहिजे, देव नको. त्यात गणपती दिसला तर पुढचं काम पुण्याच्या माणसाला."

त्या दिवशी आबांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "गणपतीची एक बी सवय ह्यात येता कामा न्हाय. ध्यान ठिवा!" बोलताना ते बघत होते सुमनकडं.

*

मोठ्या सांगाड्याच्या सळ्या वाकवताना आबांनी मॅडमना विचारलं, "ह्याची हाडं घावली कुठं?"

"कॅनडात, अमेरिकेत. चीन-मंगोलियाकडंही. अमेरिकेत एके ठिकाणी तर घरटीच्या घरटी सापडली. अंडी, पिल्लं, सगळं. आई पिल्लांना घरट्यातच भरवत असावी, असं म्हणतात."

"आन् पन्हाळ्याला?"

"नाही हो. आपल्याकडं खाली सगळा थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड. त्यात हाडं कुठली टिकायला! नागपूरकडं, गुजरातेत दुसऱ्या डायनासोरांची हाडं सापडलीत. हा मात्र भारतात अजून कुणाला सापडलेला नाही."

आबा सळी हातात धरून विचारात पडले. "म्हंजे लांबचं पावणं हाय म्हणा की. मग आपल्यात आल्यावर जेवल्यागत दिसाय पायजे!" आणि त्यांनी पोटाला दोन सळ्या वाढवून लावल्या.

तेव्हापासून त्याचं नाव पडलं पावणं. "पावण्याचं गुडघं वाळलं का?" "पावण्याच्या पाठीवर कुणी चहा ठिवलाय?" असा कारभार सुरू झाला.

*

दातांचा किस्सा तर मी अजून माहेरी सांगते. मॅडम म्हणाल्या, याच्या चोचीत पुढं दात नाहीत, पण आत गालाशी शेकडो दात. झाडपाला चावून चावून झिजले की खालून नवे तयार!

आबांच्या तोंडात तेव्हा तीन दात होते. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. "जलमभर?"

"जन्मभर."

आबांनी पावण्याच्या जबड्यावरनं हात फिरवला. मग म्हणाले, "येवढं आसूनबी पालाच खात हुता व्हय? आमच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला आला असता तर सोनं झालं असतं!"

*

रंग माझ्याकडं होता. मी विचारलं, "मॅडम, याचा खरा रंग कोणता?" त्या म्हणाल्या, "कातडीचे ठसे सापडलेत दगडात, पण रंग कुणालाच नक्की माहीत नाही."

अठरा वर्षांत पहिल्यांदाच मला कुणी सांगितलं, की तुम्ही लावाल तो बरोबर! रात्रभर झोप लागली नाही. पिवळा पितांबर, लाल सोवळं, सगळं ठरलेलं लावणाऱ्या बाईनं अचानक काय ठरवायचं?

दुसऱ्या दिवशी गल्लीतली प्रत्येक बाई सल्ला देऊन गेली. एकीला मोरपंखी पाहिजे, एकीला पोपटी. शेवटी समोरच्या दूधवाल्या काकी म्हणाल्या, "म्हशीचाच द्या. मळला तरी कळत न्हाय!"

मी म्हशीचाच दिला. फक्त पाठीवर जरा हिरवी झाक मारली. ती माझी.

*

सगळ्यांना काही ना काही काम मिळालं, सुमनला मात्र मनासारखं मिळालं नाही. कारण कारखान्यात तिचं काम एकच, उंदीर. गणपतीच्या पायाशी बसणारे हजारो उंदीर तिच्या हातून गेले असतील. डोळे मिटून करते. पावण्यावर ती नुसती जाळी धरायची, घमेली द्यायची. एकदा म्हणाली, "ताई, समद्यांचा हात लागला. ह्यात माझं कायच न्हाय बघा."

मी तिच्या हातातलं घमेलं घेऊन खाली ठेवलं.

*

पावणं शाळेत न्यायचा दिवस उजाडला. शाळेच्या फाटकापाशी टेम्पो थांबवून आबांनी दम भरला, "उतरताना कुणी मोरया म्हणायचं न्हाय. अध्यक्ष हाईत आत."

आठ जणांनी हात घातला. पावणं हललं नाही. पुन्हा जोर लावला. इंचभर उचललं आणि टेकलं. आमच्या माणसांना त्या आरोळीशिवाय दम एकत्र लावताच येईना!

तिसऱ्यांदा हात घातले, तेवढ्यात मागून कडक आवाज आला, "गणपतीबाप्पा..."

"मोरया!" आणि पावणं अलगद खाली!

आबा संतापून वळले. मागं विज्ञानाच्या मॅडम उभ्या होत्या. इकडंतिकडं बघत पदर सारखा करत होत्या.

*

मैदानात पावण्यावरचं कापड काढलं. पोरांनी एकच गिल्ला केला. अध्यक्ष फेरी मारू लागले. चोच बघितली, पाठ बघितली, शेपटीला वळसा घातला आणि मागच्या डाव्या पायाशी थांबले.

"हे काय आहे?"

पायाच्या आडोशाला, मान वर करून पावण्याकडं बघत, एक उंदीर बसला होता!

आबांनी डोक्यावरची टोपी काढली. मी सुमनकडं बघितलं. ती माझ्यामागं सरकली. "ताई, काल रंग वाळल्यावर हातानं आपसूक झाला वो," एवढंच पुटपुटली. मला डोळ्यापुढं कबनूरची बस दिसली.

मॅडम पुढं झाल्या. वाकून उंदीर नीट बघितला. मग उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे सर."

"काय बरोबर आहे?"

"डायनासोरांच्या काळात उंदराएवढे केसाळ प्राणी होतेच. यांच्या पायात लपतछपत फिरायचे. डायनासोर गेले, ते टिकले. पुढं त्यांच्यासारख्यांतूनच आपण आलो."

अध्यक्ष उंदराकडं वाकले. "म्हणजे हे आपले पूर्वज?"

"तसंच म्हणायचं सर."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "मग पुढच्या चौघांपाशीही पाहिजेत. पूर्वजांना वगळून चालायचं नाही."

आबांनी टोपी परत घातली. कुणी काही बोलायच्या आत सुमन माझ्या मागून पुढं आली आणि मॅडमना विचारायला लागली,

"मॅडम, त्या येळच्या उंदराची शेपूट केवढी असायची?"