तात्यांचे थांबे

तामलवाडीच्या एका गोंधळ्याच्या घरात निकिता ही पहिली डिप्लोमावाली. तुळजापुरात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, आणि घरी आली की चुलत्यापुढं, व्यंकटतात्यांपुढं, त्यांचं वाजवणं उतरवून घ्यायला लॅपटॉप मांडून बसायची. तात्यांच्या संबळाला चार गावांत मान. पण गोंधळ असल्याशिवाय संबळाला काडी टेकवायची नाही, हा त्यांच्या घरचा नेम. गोंधळात रेकॉर्डिंग करू का विचारलं, तर म्हणाले, "देवीचं काम हाय ते, मोबाइलचं न्हाय." मग ते मांडीवर बोटं आपटून सांगायचे आणि ही टाइप करायची. उजव्या काडीला त, डावीला घ, आणि काडी जिथं थांबते तिथं तेवढी मोकळी जागा. प्रत्येक ओळीच्या मधोमध तात्यांचा एक मोठा थांबा असे, ओळीगणिक वेगळा.

"हितं थांब गं. ठोका कुणीबी टाकतंय, थांबायला अक्कल लागती."

"किती थांबायचं, तात्या?"

"पोटात कळतंय की."

"माझ्या पोटात नुसती भूक कळते. आकडा सांगा."

तात्या खदाखदा हसायचे आणि पुन्हा बोटं आपटायचे. अख्खा हिवाळा असा गेला.

काम संपलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की त्या मधल्या थांब्यात प्रत्येक ओळीत एक जागा जास्तीची पडली आहे. एकेक ओळ कोण दुरुस्त करत बसणार? तिनं नवा एडिटर घेतला होता. माऊसनं वरपासून खालपर्यंत उभी पट्टी ओढली आणि डिलीट दाबलं. एकेक जागा जाईल, एवढाच तिचा हिशेब. पण त्या एडिटरची खोड तिला ठाऊक नव्हती. मोकळ्या जागेत डिलीट दाबलं, की पुढचं अक्षर येईपर्यंतची सगळी जागा तो गिळायचा. डिलीटपाठोपाठ तिची बोटं सेव्हवर गेली. लॅपटॉपची बॅटरी मेलेली आणि गावात लाइटचा भरवसा नाही, म्हणून बोटांना तशी सवयच लागली होती. आणि खरंच लाइट गेली. ओळींकडं नीट बघायच्या आतच स्क्रीन काळी झाली. सेव्ह तरी झालं, म्हणून निकिता स्वतःवरच खूश झाली.

फाईल पुन्हा उघडली ती तात्यांना लकवा मारल्यावर. त्यांचा उजवा हात गेला, वाचा गेली. गोंधळ आता त्यांच्या पोराला, रणधीरला, उभा करायचा होता. तो स्क्रीनवर बघून मांडीवर ठोके टाकू लागला.

"ताई, मधी दम घ्यायचा कुठं? ही तर सुटलेली एस्टी हाय."

तिनं ओळी पाहिल्या. मधले मोठे थांबे सगळे गेलेले, ठोके एकमेकांना चिकटलेले. अनडू करून काही परत येईना. वर्गात पोरांना बॅकअपचं शिकवणारीनं या फाईलची एक कॉपीही ठेवली नव्हती.

दोघं तात्यांच्या खाटेशी बसली. रणधीरनं मांडीवर पहिली ओळ वाजवली, मध्ये जरासा थांबला. "असं का, आप्पा?" तात्यांनी मान हलवली. मग तो दुप्पट थांबला. "का असं?" तात्यांनी तशीच मान हलवली.

"दोन्हीला व्हय म्हनलं तर कसं चालंल, आप्पा?"

तात्या निकिताकडं बघत राहिले. तिला त्या नजरेत राग हवा होता. तो नव्हता.

शेवटी रणधीरनं आपल्याला जमेल तो आखूड थांबा धरला. गोंधळाच्या दिवशी लोक म्हणाले, पोरगं अगदी बापासारखं वाजवतंय. निकिता बायकांच्या मागं बसली होती. शेजारणीनं "ऐकलंस का?" म्हणून कोपरानं ढोसलं, तशी तिनं मान खाली घातली.