बाळंतिणीचा खेकड्याचा रस्सा

सुवर्णाच्या पाठीला तेल लावत होते, तेवढ्यात बोटांखाली गांधी उठायला लागल्या. आधी मानेवर, मग दंडावर. गांधी म्हणजे अंगावर येणारे लाल, खाजरे फुगवटे. मी कोल्हापुरात घरोघरी बाळ-बाळंतिणीची मालिश करते. तेलानं असं कधी झालं नव्हतं.

मालिशच्या आधी सुवर्णा वाटीभर खेकड्याचा रस्सा प्याली होती. दूध यावं म्हणून आमच्याकडे बाळंतिणीला तो देतात. तिच्या सासूबाईंनी, आक्कांनी, राधानगरीहून मुद्दाम खेकडे मागवले होते. पाट्यावर ठेचून, गाळून रस्सा केला होता.

"पित्त उठलंय," आक्का म्हणाल्या. गांधीवर घोंगडी पांघरायची, ही आमच्याकडची रीत. त्यांनी सुवर्णाला नाकापर्यंत गुंडाळलं आणि आणखी एक वाटी रस्सा आणला.

"पी गं. गरम पोटात गेलं की बसतंय."

"नको," सुवर्णा म्हणाली. आवाज घोगरा होता. मघाशी असा नव्हता.

मला पुढं होऊन बोलायची सवय नाही. मी हळूच घोंगडी बाजूला केली. ओठ सुजले होते. श्वासाला शिट्टी वाजत होती.

"आक्का, रिक्षा बोलवा."

"पित्ताला कुठं दवाखाना असतोय व्हय?"

"ओठ बघा की तिचे."

त्यांनी बघितलं. वाटी तिथंच ठेवून अनवाणीच रस्त्यावर पळाल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लगेच मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. बाळ माझ्या मांडीवर होतं. हळूहळू शिट्टी थांबली. मग बाईंनी समजावलं. ही ऍलर्जी. खेकड्याच्या मांसात ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन असतं. ते नाव मी दोनदा विचारून घेतलं. काहींचं शरीर त्याला शत्रू समजतं. मग गांधी उठतात, गळा आतून सुजतो, श्वास कोंडतो. उकळून ते प्रोटीन जात नाही. कोळंबीतही तसंच असतं, म्हणून तीही बंद.

"नांग्या काढून दिलं तर?" आक्कांनी विचारलं.

"नांग्या काढून न्हाई आणि पाणी घालून न्हाई," बाई म्हणाल्या.

सुवर्णानं डोळे उघडले. "लहानपणी खाल्लावता, तवाबी ओठ खाजलंतं."

"मग सांगायचं न्हाईस व्हय, पोरी?"

"तुम्ही एवढ्या लांबनं मागवलासा. नको कसं म्हणू?"

आक्का तिचे केस मागं सारत बसल्या.

आता नव्या घरी गेले की पहिल्याच दिवशी मी बाळंतिणीला विचारते, काय खाल्लं की खाजतं, सुजतं. सासू पाणी तापवायला गेल्यावर विचारते. तिच्यासमोर सगळ्यांना सगळंच चालतं.