धरमतरचा दोर

पेणहून रोह्याला ती माझ्याच एसटीने यायची. प्लास्टिकच्या दोरखंडाच्या कंपनीत ती लॅबमध्ये होती, मी पॅकिंगला. बोलताना सतत ओढणीचा काठ पिळायची. "प्लास्टिकच्या आत लांब साखळ्या असतात गो. त्या हळू निवल्या की स्फटिकांचे मोठे खडे बनतात, मग दोर कडक होऊन तुटतो."

एकदा गरम धागे झटकन निववणारा गार पाण्याचा पंप बिघडला, तरी माल निघत राहिला. तिने तो नापास केला.

मॅनेजर म्हणाले, "धरमतर बंदरात बार्जवाले थांबलेत. पाठवा."

"दोर तुटला तर बाजूचा माणूस जातो, साहेब. हा माल नाय जाणार."

"मग उद्यापासून येऊ नका."

तिने सुरी घेतली आणि सगळ्यांदेखत दोराचं पहिलं वेटोळं कापायला लागली.

मी दुसरी सुरी उचलली.